मडकं केव्हा टांगायचं, केव्हा उतरवायचं



या सदरात आपण बहुधा वाळवणं, लोणची आणि उन्हाळ्यातली कपाटं यांतच रमतो. पण अलीकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा असतो. "आमच्याकडे लव्हबर्डची जोडी आणली आहे. मडकंसुद्धा टांगलं आहे. अंडी केव्हा घालतील?" दुसरी विचारते, "अंडी घातली, पण पिल्लं निघाली नाहीत, काय चुकलं असेल?" आणि तिसरीचं पत्र सर्वांत बोलकं. ती लिहिते, "दोनाची अठरा झाली आहेत, आता काय करू?"

मी काही पक्षितज्ज्ञ नाही. पण सिहोऱ्यासारख्या धानाच्या गावात, भर उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे पारा जातो अशा ठिकाणी, नऊ वर्षं ही पाखरं सांभाळते आहे. आणि त्यांतल्या पहिल्याच वर्षी एक जीव माझ्या अजाणतेपणामुळे गेला. ती गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं मी इतकं बजावून का सांगते आहे ते तुमच्या लक्षात येईल.

त्याआधी नावाचा घोळ मिटवू या. आपण बाजारात ज्यांना लव्हबर्ड म्हणतो ती लांब शेपटीची, मानेवर नि पंखांवर बारीक लाटांसारख्या रेघा असलेली चिमुकली पाखरं म्हणजे बजरीगर, थोडक्यात बजरी. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. ते आखूड शेपटीचे, अंगाने थोराड आणि चोचीने चांगलेच तिखट असतात. बजरी ऑस्ट्रेलियाची. जॉन गूल्ड नावाच्या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली जिवंत बजरी इंग्लंडला नेली आणि तिथून ती जगभरच्या पिंजऱ्यांत पसरली. निळी, पिवळी, पांढरी, राखी ही सगळी पिंजऱ्यात वाढवलेल्या पिढ्यांची रंगसंगती. रानातली बजरी हिरवी-पिवळीच असते.

तर आमच्याकडे ही जोडी आली ती दसऱ्याला. पुतण्याने नागपूरहून आणली. नर निळा, म्हणून त्याचं नाव निळू. मादी फिकी हिरवी, तिचं नाव मुलांनी चिमी ठेवलं. सपरीत पिंजरा टांगला, दुकानदाराने सांगितलं म्हणून त्यात मडकंही बांधलं. महिन्याभरात चिमी मडक्यात जाऊन बसायला लागली. निळू बाहेरून मान खाली-वर करून तिला भरवायचा. पहिल्या खेपेला पाच पिल्लं! सासूबाई रोज सकाळी चहाच्या आधी मडक्याशी कान लावून किलबिल ऐकायच्या. शेजारणी पाहायला यायच्या. ती उडाली न उडाली तोच दुसरी खेप, चार पिल्लं. फाल्गुनात तिसरी, आणखी चार. घरात कौतुकच कौतुक. "हिच्या पायगुणाने पिंजरा भरला," असं मी स्वतः म्हटल्याचं मला आठवतं.

मे महिन्यात चिमी मडक्यातून बाहेर येऊन पिंजऱ्याच्या तळाशी बसली. अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून, शेपूट श्वासासरशी खाली-वर. मला वाटलं उन्हाने मलूल झाली. पाणी बदललं, ओलं बारदान टांगलं. पोटाच्या खाली फुगवटा दिसत होता, पण तो काय आहे हे मला कळलं नाही. अंडं अडकलं होतं. सकाळी उजाडायच्या आत ती गेली. सात-आठ महिन्यांत तिने तीन खेपा वाढवल्या होत्या आणि चौथीचं पहिलंच अंडं बाहेर ढकलायची ताकद तिच्यात उरली नव्हती. हातात घेतली तेव्हा छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं लागलं. रोज पाहत होते, पण पिसांमुळे तिची वाळलेली कुडी दिसली नव्हती.

सासूबाई जुन्या वळणाच्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या वेळी बायकांचं असंच व्हायचं बाई." आणि दिवसभर पिंजऱ्याकडे फिरकल्या नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, पाखराला आपली ताकद आपल्याला कळत नाही का? रानात कळते, कारण तिथे पाऊस थांबतो. बजरीचा मूळ मुलूख म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पोटातला कोरडा प्रदेश. तिथे आपल्यासारखा ठरलेला मृगाचा पाऊस नाही. केव्हा पडेल सांगता येत नाही, आणि पडला की गवत उगवतं, त्याला बी धरतं. बी दिसलं, पाणी दिसलं की बजरीचे थवेच्या थवे झाडांच्या ढोलींत अंडी घालायला बसतात. मोसम कोणता हे ती पाहत नाही. दाणा आहे तोवर घाईने एकामागून एक खेपा वाढवायच्या, गवत वाळलं की थांबायचं आणि उडून दुसरीकडे जायचं, अशी तिची घडण. आपल्या पिंजऱ्यात काय होतं? दाण्याची वाटी रोज भरलेली, पाणी रोज ताजं, ढोलीच्या जागी मडकं. तिच्या शरीराला वाटतं, पाऊस अजून पडतोच आहे. मग ती थांबेल कशी? थांबवायचं काम ज्याच्या हातात वाटी आहे त्याचं. म्हणजे तुमचं नि माझं.

म्हणून पहिला प्रश्न "अंडी केव्हा घालतील" हा नसावा. आधी हे विचारा की पिल्लं झाली तर ती कुठे जाणार? ज्या दोन-तीन घरी ती नीट राहतील ती घरं डोळ्यांसमोर असतील, तरच मडकं टांगा. नसतील तर टांगू नका. मडकं नसलं म्हणून जोडी दुःखी होत नाही हो! ती एकमेकांची पिसं विंचरतात, गप्पा मारतात, झोके घेतात, छान सात-आठ वर्षं जगतात. काही त्याहूनही जास्त. मडकं नसलं की बहुतेक माद्या अंडी घालतच नाहीत. हा सर्वांत सोपा उपाय, आणि तोच कोणी सांगत नाही.

टांगायचंच ठरलं तर आधी जोडी खरोखर जोडी आहे का ते पाहा. दोन्ही नर निघाले म्हणून वर्षभर अंड्यांची वाट पाहणाऱ्या बाई मला माहीत आहेत. चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती जी मेणासारखी पट्टी असते तिच्यावरून कळतं. मोठ्या नराची पट्टी स्वच्छ निळी, मादीची फिकी पांढरट किंवा तपकिरी; अंड्यावर यायची वेळ झाली की ती गडद तपकिरी आणि खडबडीत होते. पूर्ण पिवळ्या किंवा पूर्ण पांढऱ्या लाल डोळ्यांच्या नरांची पट्टी मात्र गुलाबी-जांभळीच राहते, तिथे फसायला होतं. लहान पिल्लांचीही गुलाबीच. पिल्लाच्या कपाळावर थेट चोचीपर्यंत रेघा असतात. तीन-चार महिन्यांनी पिसं झडून नवी आली की कपाळ साफ होतं. वय ओळखायची ही खूण दुकानात उपयोगी पडते. मात्र कपाळ साफ झालं म्हणजे पाखरू संसाराला तयार झालं असं समजू नका. मादी किमान दहा-बारा महिन्यांची झाल्याशिवाय तिच्यापुढे मडकं नको. आणि एकाच मडक्यातून निघालेल्या भावाबहिणींची जोडी लावू नका. पिंजऱ्यात ती आपापसांत लावून मोकळी होतात, म्हणून वेळीच वेगळी करायची.

आता वेळ. आमच्याकडे मी नियम केला आहे: दिवाळी आणि गावची मंडई आटोपली की टांगायचं, होळीच्या सुमारास उतरवायचं. दिवाळीच्या आधी नको, कारण फटाक्यांनी बिचकून मादी अंड्यांवरून उठते, रात्री अंधारात धडपडते. होळीनंतर नको, कारण पुढे ऊन. वैशाखाच्या झळांत मडक्यातली पिल्लं आणि त्यांना भरवणारी आई दोन्ही होरपळतात. आमच्या भागात नवतपाचे नऊ दिवस माणसाला सोसवत नाहीत, तिथे त्या मुठीएवढ्या जिवाची काय कथा!

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करते. तुम्हीही करा, फार मदत होते. समजा पहिलं अंडं १ नोव्हेंबरला दिसलं. मादी एक दिवसाआड अंडं घालते, तेव्हा ३, ५, ७ आणि ९ तारखेला पुढची. चार ते सहा अंडी ही साधारण खेप. अंडं उबायला सुमारे १८ दिवस लागतात, म्हणजे पहिलं पिल्लू १९ तारखेच्या आसपास आणि शेवटचं २७ च्या. एकाच मडक्यात एक पिल्लू आठ दिवसांचं, तर दुसरं कालचं! त्यामुळे शेवटचं धाकटं कधी कधी थोरल्यांच्या पायाखाली चेंगरतं. त्यात तुमचा दोष नाही. साधारण पाच आठवड्यांनी पिल्लू मडक्याबाहेर येतं, म्हणजे पहिलं नाताळच्या सुमाराला. बाहेर आल्यावरही आठ-दहा दिवस बाप त्याला भरवतो. ते स्वतः दाणे सोलून खाताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत की मगच वेगळ्या पिंजऱ्यात हलवा. घाई केलीत तर वाटी भरलेली असून पिल्लू उपाशी राहतं.

गंमत अशी की शेवटचं पिल्लू बाहेर यायच्या आधीच मादी दुसऱ्या खेपेची अंडी घालायला लागते. हिशेब करा: ती खेप डिसेंबरच्या शेवटी सुरू झाली की फेब्रुवारीच्या शेवटी संपते. बस्स. दोन खेपा झाल्या, शेवटचं पिल्लू मडक्याबाहेर पडलं की त्याच संध्याकाळी मडकं उतरवायचं. तिसऱ्या खेपेचं एखादं अंडं आत असलं तरी मन घट्ट करायचं. ताजं घातलेलं, न उबवलेलं अंडं म्हणजे पिल्लू नव्हे. मी तर हल्ली एकाच खेपेनंतर उतरवते. मादी अशक्त दिसली, छातीचं हाड बोटाला टोचलं, तर तुम्हीही तेच करा. पुढे निदान सहा महिने विश्रांती.

मडकं उतरवल्यावर मादी दोन-चार दिवस कोपऱ्यात शोधाशोध करते, कधी पिंजऱ्याच्या तळाशीच अंडं घालते. अशा वेळी उकडलेलं अंडं, भिजवलेले दाणे हे चमचमीत खाणं बंद करा, साधा कोरडा दाणा ठेवा आणि संध्याकाळी लवकर पिंजऱ्यावर कापड टाकून रात्र मोठी करा. पाऊस संपला, हे तिला अशा रीतीने कळतं.

इथे एक उलटं वाटणारं सांगते. सहा-सात दिवस उबवल्यावर अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली, तर जिवंत अंड्यात तांबड्या शिरांचं जाळं दिसतं. रिकामं अंडं नुसतं पिवळं दिसतं. रिकामी अंडी पाहून आपल्याला वाटतं, उगाच बसली आहे बिचारी, काढून टाकू. नका काढू! अंडी नाहीशी झाली की ती नवी घालायला लागते आणि प्रत्येक अंडं तिच्या हाडांतला चुना घेऊन जातं. बसू द्या तिला पुरते तीन आठवडे. कंटाळून उठेल, तेवढीच विश्रांती. मगच मडकं आणि अंडी दोन्ही काढा.

मडकं कसलं घ्यायचं? आमच्या आठवडी बाजारात कुंभाराकडे लहान गाडगी मिळतात. बाजूला दोन इंच व्यासाचं भोक असलेलं, मादीला आत फिरता येईल एवढं पोट असलेलं घ्या. तळ आतून खोलगट हवा, म्हणजे अंडी घरंगळत नाहीत आणि पिल्लांचे पाय फाकत नाहीत. सपाट, गुळगुळीत तळावर वाढलेल्या पिल्लाचे पाय दोन्हीकडे पसरतात आणि ते जन्माचं अधू होतं. आत साध्या लाकडाचा जाडसर भुसा मूठभर टाका. रंगवलेल्या लाकडाचा किंवा प्लायवूडचा नको. कापूस, लोकर, सुतळी काही घालू नका, पायांत गुंतते. पिल्लं पंधरा दिवसांची झाली की भुसा बदलत जा. त्या वेळेपर्यंत मडक्यात उगाच डोकावायचं नाही, मुलांना तर मुळीच डोकावू द्यायचं नाही. आणि एका पिंजऱ्यात एकच जोडी. दोन माद्या असल्या की मडक्यावरून रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात, एकमेकींची पिल्लं मारतात. दिसायला इतकी गोजिरवाणी जात, पण या बाबतीत अगदी नळावरच्या भांडणाला मागे टाकील!

पिंजरा गोल, घुमटाचा घेऊ नका. तो दिवाणखान्यात शोभतो, पण पाखरू आडवं उडतं. उंचीपेक्षा लांबी जास्त हवी. एका जोडीला निदान दोन-अडीच फूट. गजांतलं अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको. बसायला प्लॅस्टिकच्या दांड्यांपेक्षा पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या जाड-बारीक फांद्या द्या. पायांना व्यायाम होतो, चोचीला कुरतडायला मिळतं.

खाण्याबद्दल मला आमच्या भागातल्या बायकांना जरा रागवायचंच आहे. तुमसरची तांदळाची बाजारपेठ जवळ, घरोघरी धान, तेव्हा पाखराला काय, तर वाटीभर कणी! कणीवर बजरी जगते, पण तिचं पोषण होत नाही. त्यातून ती अंड्यावर असली तर हाडं पोकळ झालीच म्हणून समजा. मुख्य दाणा राळ्याचा. पक्ष्यांच्या दुकानात त्याला कांगणी म्हणतात. त्यात थोडी बाजरी, थोडे सालासकट ओट मिळाले तर उत्तम. बजरी दाणा सोलून टरफल वाटीतच टाकते. वरून वाटी भरलेली दिसते आणि खाली एक दाणा नसतो! म्हणून रोज सकाळी वाटीवर फुंकर घाला. रोज चिमूटभर कोथिंबीर, पालक किंवा मेथी, स्वच्छ धुऊन. आठवड्यातून दोनदा किसलेलं गाजर. मडक्यात पिल्लं असताना भिजवून मोड आणलेली बाजरी आणि उकडलेलं अंडं कुस्करून, त्याचं कवच बारीक करून. ते दोन तासांत खाल्लं नाही तर काढून टाका, नासतं. चुन्यासाठी समुद्रफेन बारा महिने पिंजऱ्यात अडकवलेलं हवंच. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. चिमीच्या पिंजऱ्यात ते नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं.

चहात बुडवलेलं बिस्किट, चिवडा, फरसाण, चॉकलेट, आणि शहरांत हल्ली मिळतं ते अ‍ॅव्होकॅडो, यांतलं काही देऊ नका. शेवटची दोन तर विषच.

उन्हाळ्यात पिंजरा भिंतीच्या सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर. आमच्याकडे सपरीच्या एका बाजूला ओलं बारदान टांगते. चारही बाजूंनी नको, आत कोंडतं. कूलर असेल तर त्याचा झोत थेट पाखरावर येऊ देऊ नका. पसरट थाळीत पाणी आणि त्यात ओली कोथिंबिरीची जुडी ठेवा. त्या पानांत लोळून ती आंघोळ करतात, पाहत राहावं असं दृश्य! चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून पाखरू धापा टाकू लागलं तर ते ऊन लागल्याचं लक्षण. गार जागी न्या, पायांवर साध्या पाण्याचे थेंब शिंपडा. बर्फाचं पाणी नको. पौष-माघात उलट. आमच्या भागात रात्री चांगल्याच गारठतात आणि अंडं अडकण्याचा धोका थंडीतही वाढतो. सूर्य मावळला की जुन्या चादरीने तीन बाजू झाका.

स्वयंपाकघरात पिंजरा ठेवायचा मोह होतो. आपली सोबत होते ना! पण नको. पाखराचं फुप्फुस फार नाजूक. मिरचीची खमंग फोडणी, उदबत्तीचा धूर, डासांची कॉइल, रंगाचा वास यांनी ती गुदमरतात. आणि नॉनस्टिकचा तवा गॅसवर रिकामा राहून जास्त तापला, तर त्याचा न दिसणारा धूर काही मिनिटांत पाखराचा जीव घेतो. आपल्याला वाससुद्धा येत नाही. लोखंडी तव्याला दुसरं कारण नको!

आता आजारपण. मादी तळाशी फुगून बसली, शेपूट हलते आहे, पोटाखाली फुगवटा आहे, तर क्षणभरही थांबू नका. शांत, ऊबदार, दमट जागी ठेवा. आंघोळीच्या गरम पाण्याची वाफ भरलेली मोरी चालते. आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायची तयारी करा. दाबून अंडं काढायला जाऊ नका. ते आत फुटलं की संपलं. एरंडेल पाजा, तेल सोडा हे शेजारचे सल्ले ऐकू नका. चोचीभोवती नि पायांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खरखरीत पापुद्री दिसली तर ते सूक्ष्म किडीचं दुखणं आहे. डॉक्टरांच्या औषधाने पूर्ण बरं होतं. त्यावर रॉकेल चोळू नका.

घरातल्या माणसांसाठीही एक सूचना. पाखरांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून क्वचित माणसाला फुप्फुसाचा ताप येऊ शकतो. पिंजरा झाडताना आधी पाणी शिंपडा, कोरडा झाडू नका. घरात कुणाला दिवस गेले असतील किंवा दमा असेल, तर हे काम दुसऱ्याने करावं. ताप-खोकला रेंगाळला तर घरी पाखरं आहेत हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. नवं पाखरू आणलंत की महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, लगेच जुन्यांत मिसळू नका.

काही मैत्रिणी विचारतात, बजरीऐवजी आपला हिरवा मिठू का पाळू नये, तो तर बोलतोही. मिठू पाळणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी आपल्या रानातले पोपट पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळ्याला बंदी आहे. "आमच्या आजोबांच्या वेळेपासून आहे" हे कारण चालत नाही. असा पोपट घरात असेल तर वनखात्याला कळवा. बजरी परदेशी आणि पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेली, तिला ही बंदी नाही. बोलण्याचंच म्हणाल तर बजरीही काही कमी नाही. कॅलिफोर्नियातला पक नावाचा बजरी-नर १,७२८ शब्द बोलत होता, आणि १९९५ च्या गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आमच्या निळूला मात्र 'ये ये' आणि प्रेशर कुकरची शिट्टी एवढंच जमतं. ती शिट्टी इतकी हुबेहूब, की मी दोनदा गॅस बंद करायला धावले आहे.

आता अठरा पाखरंवाल्या मैत्रिणीला उत्तर. बाई, तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे: "सगळ्यांना मोकळं सोडून पुण्य घ्यावं का?" नका सोडू. चिमी गेल्यावर आमच्या ओळखीच्या एका घरी मी दोन पिल्लं दिली होती, त्यांनी अशीच अक्षय्य तृतीयेला सोडली. समोरच्या झाडावर बसली, काय करावं ते कळेना. कावळ्यांनी अर्ध्या तासात हेरली. बजरीला आपल्या रानात काय खायचं, कुणापासून पळायचं, हे ठाऊक नसतं. त्या पिवळ्या-पांढऱ्या रंगाला लपायलाही जागा नाही.

तुम्ही आज एवढंच करा: सगळी मडकी उतरवा. मग नर एका पिंजऱ्यात, माद्या दुसऱ्यात. माद्यांना जागा ऐसपैस द्या आणि भांडकुदळ असेल ती वेगळी काढा. त्यानंतर घरं शोधायला घाई नाही. पाखरू देताना एकटं देऊ नका, त्यांना थव्याची सवय असते. दोन नर एकत्र आनंदाने राहतात आणि संसाराचा प्रश्नच उरत नाही. मी तर हल्ली मागणाऱ्यांना दोन नरच देते. सोबत आठवड्याचा राळा आणि समुद्रफेनाचा तुकडा बांधून देते. मडकं देत नाही. कुणी मागितलं तर चिमीची गोष्ट सांगते, आणि मग बहुतेकजणी पुन्हा मागत नाहीत.

निळू आता म्हातारा झाला आहे. त्याच्या सोबतीला नवी मादी आहे, पाच वर्षांची, तिने आजवर दोनदाच मडकं पाहिलं. जुन्या मडक्याला तडा गेला होता, त्यात सासूबाईंनी पुदिना लावला आहे. पिंजऱ्याला रोज त्यातलीच दोन पानं मिळतात.

पुढच्या अंकात, बऱ्याचजणींनी विचारल्याप्रमाणे, धान्याला कीड लागू नये म्हणून काय करावं ते पाहू. राळ्याच्या डब्यालाही तेच लागू आहे, तेव्हा पाखरंवाल्यांनी तो अंक चुकवू नये!